मथुरा आजींचे नातेवाईक

मंडळी, सावरून बसा. मागं खांबाला टेकलेत त्यांनीही थोडं पुढं सरका. आज मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे. देवाला आपण हाक मारतो, ते ठीक आहे. सकाळी मारतो, संध्याकाळी मारतो, शिंक आली तरी मारतो! पण त्यानं आपल्याला हाक मारली तर? ती आपल्यासाठी आहे, एवढं तरी कळेल का आपल्याला?

माना हलवू नका इतक्यात. आधी एक चरण ऐका. कुणा संताचा नाही, माझाच आहे, मोडकातोडका. टाळ जरा हळू धरा.

नाम घेतां जन्म । गेला सारा माझा ।
हाकेच्या आवाजा । ओळखेना ॥

या चरणामागं एक गोष्ट आहे. ती ऐका.

एक बुवा होते. कीर्तनकार. तीस वर्षं त्यांनी एकच विषय लावून धरला होता — नाम! नामाचा महिमा सांगायला लागले की बायका पदरानं डोळे पुसायच्या. गळा गोड, अंगावर उपरणं, पोट जरा सुटलेलं. माझ्याकडं काय बघता? सगळ्याच कीर्तनकारांची पोटं सुटतात. तुम्हीच जेवायला वाढता!

तर या बुवांच्या घरी बायको मंगल, चौदा वर्षांची मुलगी ईश्वरी आणि पंचाहत्तरीची आई. आईचं नाव शालिनी. गेलं वर्षभर आई जरा विसरायला लागली होती. चहा घेतलेला असायचा आणि म्हणायची, आज चहा नाही का दिलात. वय झालं, असं म्हणून घरातले सोडून द्यायचे.

दिवाळीची सुट्टी लागली. ईश्वरीनं हट्ट धरला — बाबा, त्या मोठ्या पार्कात जायचं! घाट उतरला की आहे बघा ते. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, बसल्या जागी उलटं टांगणाऱ्या गाड्या आणि तिथंच राहायची सोय. लोक मुक्कामाला जातात मंडळी, घाबरायला! आपण संसाराच्या फेऱ्यांतून सुटका मागतो, आणि हे लोक रांग लावून फेऱ्या मारतात.

आई म्हणाली, "मला घरीच ठेवा. शेजारच्या काकू बघतील."

बुवा म्हणाले, "छे छे, तुला एकटीला ठेवून आम्ही मजा करायची? लोक काय म्हणतील?"

ऐकलंत? आईला काय वाटेल, हा प्रश्न नव्हता. लोक काय म्हणतील, हा होता.

आईला नेली. दारात एक भलंमोठं प्लास्टिकचं अस्वल उभं होतं, त्याच्यापुढं आईला उभी करून बुवांनी फोटो काढला. तिच्या खांद्यावर हात टाकून, बरं का! फोटो फोनवर चढवला आणि खाली लिहिलं, आई हेच दैवत. पाच मिनिटांत चाळीस जणांनी हात जोडले.

आत गेले. तिथला नियम असा, की पाण्यात उतरायचं तर नायलॉनचेच कपडे हवेत. बुवांचं धोतर चालेना. मग त्यांना भाड्यानं एक चड्डी मिळाली, गुडघ्यापर्यंत, तिच्यावर नारळाची झाडं छापलेली! कपाळावरचा टिळा पहिल्याच लाटेत गेला. हसा, हसा. बुवाही हसत होते.

आई साडीत. तिला कुठं पाण्यात नेणार? सामान ठेवायच्या कपाटांजवळ एक बाक होता. तिथं तिला बसवली. हातात पाण्याची बाटली दिली, चार चकल्या दिल्या आणि बुवा म्हणाले, "इथंच बस. हलू नकोस. आम्ही आलोच." तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

बारा वाजता ध्वनिक्षेपक बोलला. बाईचा आवाज होता, स्वच्छ. "कृपया लक्ष द्या. मथुरा नावाच्या आजी, वय अंदाजे पंचाहत्तर, हिरवी सुती साडी, चौकशी कार्यालयात बसल्या आहेत. मथुरा आजींच्या नातेवाइकांनी ताबडतोब कार्यालयात यावं."

बुवा तेव्हा घसरगुंडीच्या रांगेत होते. ऐकलं आणि सोडून दिलं. साडेबाराला पुन्हा तेच. एक वाजता, दीड वाजता पुन्हा तेच. मंगल म्हणाली, "अहो, आईंना एकदा बघून येऊ का?"

"बाकावर बसवलीय तिला. कुठं जाणार आहे ती?" बुवा म्हणाले.

मंडळी, त्या मंगलच्या मनात आलं होतं. पण नवऱ्यानं इतक्या खात्रीनं सांगितल्यावर बायका गप्प बसतात. तुमच्याही घरात बसतात.

दोन वाजता जेवणं झाली. आईसाठी डबा बांधून घेतला, पण ईश्वरीला आधी लाटांच्या तळ्यात जायचं होतं, म्हणून डबा तसाच पिशवीत राहिला. आणि तीनच्या सुमाराला पुन्हा तो आवाज आला. या खेपेला जरा रागातच होता. "मथुरा आजींचे नातेवाईक कोण आहेत? आजी सकाळपासून वाट बघत आहेत."

बुवांच्या शेजारी एक गृहस्थ पाण्यात उभे होते. त्यांना बुवा म्हणाले, "बघा काय दिवस आलेत. म्हातारीला टाकून हिंडतायत कुणीतरी. पोटच्या पोरांना लाज नाही." आणि नुसतं म्हणून थांबले नाहीत. कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी त्या गृहस्थांना मातृऋणावर पाच मिनिटं प्रवचन दिलं! नारळाच्या झाडांच्या चड्डीत!

हसलात. हसायलाच पाहिजे.

तो बुवा मीच. आणि मथुरा माझी आई.

आता हसू नका, एवढं ऐका. आईचं नाव शालिनी, मग ही मथुरा कोण? तुम्ही विचाराल, आणि बायका विचारणारच नाहीत, कारण त्यांना माहीत आहे. लग्न लागतं, ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्या तांदळात एक नवं नाव लिहितो. माझ्या वडिलांनी लिहिलं, शालिनी. पेढे वाटले. सतरा वर्षं जिला मथुरा म्हणून हाक मारत होते, ती मुलगी त्या ताटात संपली. मी त्यानंतर जन्मलो. मला शालिनीच माहीत. आजोबा माझ्या जन्माआधीच गेले होते, मामा नव्हता, माहेर मिटलेलं. आईला तिच्या नावानं हाक मारणारं माणूसच जगात उरलं नव्हतं. आणि ते नाव काय होतं, हे पन्नास वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. मी! नामावर कीर्तन करणारा!

बरं, नाव राहू द्या. हिरवी साडी म्हणाली होती ना ती बाई? सकाळी मी त्या साडीवर हात ठेवून फोटो काढला होता. रंग मला आठवला नाही. पाहिलाच नव्हता तर आठवणार कुठून?

चार वाजता आम्ही बाकाशी गेलो. बाक रिकामा होता. पाण्याची रिकामी बाटली खाली पडलेली आणि चकल्या तशाच्या तशा. बाकावर ऊन आलं होतं, ते दुपारपासूनच आलं असणार. मी ओल्या कपड्यांत धावत सुटलो, आई, आई करत. दिवाळीची गर्दी, मंडळी. आई म्हटल्यावर शंभर बायका वळून बघतात.

धावत चौकशी कार्यालय गाठलं. तिथं रेश्मा नावाची बाई बसली होती. सकाळपासून बोलत होती ती हीच. मी म्हटलं, "माझी आई हरवली. शालिनी गजानन पुकाळे."

तिनं वही बघितली. "शालिनी नाहीत. आमच्याकडं फक्त मथुरा आजी आहेत."

आणि मी म्हटलं, "त्या आमच्या नव्हेत."

म्हटलं मी असं. या तोंडानं म्हटलं. आणि जायला वळलो. मागं ईश्वरी उभी होती. ती आतल्या खोलीत बघत होती. ती म्हणाली, "बाबा, ती आजी आहे."

आतल्या खोलीत, खुर्चीच्या अगदी कडेला, दोन्ही पाय जुळवून आई बसली होती. शाळेत नाव घालायला आलेली मुलगी बसते तशी. मी जवळ गेलो. "आई, चल."

तिनं माझ्याकडं बघितलं. भीतीनं बघितलं हो. म्हणाली, "तुम्ही कोण?"

"मी वामन, आई."

"मी नाही येणार. आबा येणारेत मला न्यायला."

रेश्मानं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तहान लागली म्हणून बाकावरनं उठल्या आणि परत जागा सापडेना. पाळण्यांच्या खाली रडत होत्या. मी नाव विचारलं तर मथुरा म्हणाल्या. आडनाव सांगता येईना, गाव सांगता येईना. लहानपणी जत्रेत एकदा चुकल्या होत्या म्हणे. त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलंय, चुकलीस तर एका जागी बस, हलू नकोस, मी हाक मारीन. सकाळपासून तेच सांगतायत. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्लीय त्यांनी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पाच वेळा सांगितलं हो मी माइकवरनं. तुम्ही कुठं होता?"

काय सांगू तिला? प्रवचन देत होतो म्हणून सांगू?

मंडळी, "इथंच बस, हलू नकोस" हे तिला मीच सांगून गेलो होतो. माझ्याच शब्दांनी तिला त्या जत्रेत नेऊन सोडली. वर आकाशपाळणा, भोवती गर्दी, ओळखीचं कुणी नाही. शालिनी पुसली गेली, आणि जे नाव खाली दडलं होतं ते वर आलं.

सहाला पार्क बंद व्हायचा होता. मंगलनं समजावलं, ईश्वरी रडली, मी पाया पडलो. आई खुर्चीला धरून बसली. उचलून न्यावी, तर किंचाळायला लागली. मी माझ्या आईला पळवून नेतोय, असं दिसत होतं ते. बाहेरचे लोक थांबून बघायला लागले. लोक काय म्हणतील, ते मी तेव्हा ऐकलं.

शेवटी रेश्माच म्हणाली, "त्यांचे आबा त्यांना मथे म्हणायचे. तसं म्हणून बघा."

तीस वर्षं मी हजारोंच्या मंडपात गायलोय. पण त्या खोलीत माझा गळा उघडेना. आईला अगंतुगं करतो आपण, लाडानं. पण बापानं लेकीला मारावी तशी हाक कशी मारायची? मी दाराबाहेर गेलो. ओली चड्डी, अंगावर टॉवेल. डोळे मिटले आणि हाक मारली, "मथे! ए मथे! चल, घरी जायचं ना?"

आई उठली. टुणकन उठली! गुडघे दुखतात म्हणून संडासला धरून न्यावी लागणारी बाई, दारापर्यंत चालत आली आणि माझं बोट धरलं. म्हणाली, "किती उशीर केलात, आबा."

मी माझ्या आईला घेऊन गेलोच नाही, मंडळी. ती तिच्या बापाबरोबर घरी आली.

गाडीत ईश्वरी म्हणाली, "बाबा, आजीचं नाव कुणी बदललं?" मी सांगितलं, तांदळाचं ताट सांगितलं. मंगल खिडकीतनं बाहेर बघत होती. ती तशीच बघत म्हणाली, "माझं हेमलता होतं." मंगल हे नाव तांदळात लिहिलं होतं ते माझ्या हातानं. पंचवीस वर्षांत मी ते विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती.

आई परत आली नाही. घरात होती, पण माझी आई म्हणून परत आली नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली. माघात गेली. तोवर मी तिचा आबा होतो. रोज सकाळी ती दारातल्या ओट्यावर बसायची आणि विचारायची, "इथंच बसते हं. हाक माराल ना?" मी मारायचो. दिवसातनं दहादा मारायचो. पन्नास वर्षांचं साठलं होतं. पण मला आई म्हणता आलं नाही. आई म्हटलं की ती घाबरायची. शेवटच्या दिवशीसुद्धा मी तिला आई म्हणू शकलो नाही. मथे म्हणालो, आणि ती हसली, आणि गेली.

तिच्या तोंडात पाणी घातलं ते तिच्या बापानं. मुलगा तिथं नव्हताच.

आता माझा प्रश्न. सुरुवातीला विचारला होता तो. देवाची हाक, देवाची हाक म्हणतो आपण. ती आकाशातनं येईल, शंख वाजतील, असं वाटतं आपल्याला. अहो, ती पत्र्याच्या कर्ण्यातनं पाच वेळा आली! नाव घेऊन आली, साडीच्या रंगासकट आली. मी ऐकली, आणि दुसऱ्या कुणाचीतरी आहे म्हणून त्या दुसऱ्याला नावं ठेवली.

तुम्ही सुट्टीत खुशाल जा. पाळण्यात बसा, पोरांना पाण्यात खेळवा. मी अडवत नाही. पण जायच्या आधी एक काम करा. तेही घरी जाऊन नको, आत्ता इथंच करा.

दरवर्षी कीर्तन संपताना मी तुमच्याकडून देवाचं नाव घेतो. आज टाळ खाली ठेवा. आज ज्याला त्याला आपल्या आईचं नाव घ्यायचं आहे. तांदळातलं नव्हे, त्याच्या आधीचं. आईच्या आईनं पाळण्यात ठेवलेलं. मोठ्यानं घ्या. मी थांबतो.

घ्या.

तिकडं कोपऱ्यातनं एक आवाज आला. द्रौपदी. शाबास. इकडं एक, अनसूया. बरं. अजून?

अजून?

एवढा मंडप भरलाय, मंडळी. अडीच-तीनशे माणूस आहे. आणि दोन नावं?

ज्यांची आई घरी आहे, त्यांनी उठा. प्रसादाला थांबू नका. जा, आणि तिला विचारून या. आणि ज्यांची नाही, त्यांनी इथं माझ्याजवळ बसा. आपण नुसते बसू थोडा वेळ.