चुगलखोर यंत्र

दोन हजार तेवीसचा ऑगस्ट, पाऊस ओसरलेला, ओणम तोंडावर, समुद्र तारल्यांनी नुसता उकळतोय... आणि माझ्या तारल्या कोण नेतो? पलीकडच्या बोटीचा लोनप्पन! चोरून? छे हो! माझ्याच यंत्राने त्याला हाक मारून बोलावलं! शहाणं यंत्र म्हणे!

तुम्हाला सांगतो, आमच्या दोन बोटी. एकीवर मी आणि जाळं, दुसरीवर मासळी वाहायला धाकटा भाऊ वर्की. पूर्वी मासा दिसला की मी वायरलेसवर म्हणायचो, ‘वर्की, आईला ताप आलाय.’ मासा दक्षिणेला असला तर, ‘खोकलाही आहे.’ अख्खा समुद्र ऐकायचा, कळायचं फक्त वर्कीला. आई कधीच गेली, ताप मात्र दर हंगामाला!

मग जावई आला, बेन्सन. दोन्ही बोटींवर यंत्रं बसवली. ‘अप्पच्चन,’ सासऱ्याला बाबा म्हणतो तो, ‘हे मासा बघणार, त्या यंत्राला सांगणार. तुम्ही तोंड उघडायचं कामच नाही!’ माझं नाही उघडलं, यंत्राचं मिटेना! वर्कीला सांगितलं ते लोनप्पनच्या तसल्याच यंत्रालाही सांगितलं. मी जाळं सोडतोय तोवर हा ओढतोयसुद्धा! माझे चाळीस खलाशी, चाळीस घरांचा ओणम या जाळ्यावर... सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. काय सांगू त्यांना? शहाणं यंत्र आहे म्हणून?

कोचीहून कंपनीचा माणूस आला. ‘पासवर्ड घातला नाहीत, काका? मग कुणीही ऐकणार! कधी विसरणार नाही असा शब्द घाला.’ घातला. बोटीचं नाव. ‘स्टेला मारिस’. बापाने ठेवलेलं, विसरेन कसा? दुसऱ्या दिवशी लोनप्पन पुन्हा हजर! वर दात काढून ओरडतो, ‘पत्रोस चेट्टा, कुलूप झकास आहे हो! पण किल्ली बोटीवर हातभर अक्षरांत रंगवलीस की!’

माझे खलाशी हसले. माझे!

पासवर्ड बदलला. नवा कोणता, ते तुम्हालाही सांगणार नाही. पण मग डोकं चाललं. कुलूप तर लोनप्पननेही घातलं असेल ना? आणि हसणाऱ्याची अक्कल ती केवढी? शाळा माझी चौथीत सुटली, पण हातभर अक्षरं मला वाचता येतात. दुर्बीण लावली, त्याच्या बोटीच्या कुशीवरचं नाव वाचत एकेक अक्षर दाबलं... उघडलं!

पहाटे त्याच्या यंत्राने मला हाक मारली. त्याचा थवा, माझं जाळं. वर्की वायरलेसवर किंचाळला, ‘चेट्टा, या तर लोनप्पनच्या तारल्या!’ म्हटलं, ‘आईला ताप आलाय. ये.’

शहाणं यंत्र म्हणे... फिट्टंफाट.