उंबऱ्यावरचा तांब्या

‘आबा, नात अजून बोलत नाही. एकदा येऊन जा.’ लेकीच्या या पत्राला काय लिहावं ते न सुचून हिंदुरावांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. थेरगावच्या पोस्टात रांगेतलं पुढचं जोडपं बोलत होतं.

“उद्या शाळेत पोरीच्या खास शिक्षणाचा आराखडा तपासणार. प्रगती न्हाई दिसली, तर तिची जागा जाईल.”

“आल्या माणसाला पाणी देती, हे सांगा की. रोज सहाला तांब्या घेऊन दारात जाती.”

“दारात कुणी नसतं, जयमाला!”

“तांब्या रिकामा येतो.”

“सांडत असंल.”

“उंबरा कोरडा असतो, अहो.”

“तिच्या आज्याचा, वारलेल्या अण्णांचा फोटो दाखवलास?”

“दाखवला. हे न्हाईत म्हणून मान हलवली.”

“मग येतं कोण?”

“उद्या शाळेतल्या बाईबी तेच विचारतील.”

हिंदुरावांनी खिडकीतून कार्ड घेतलं. लेकीचा पत्ता घालून ‘शनिवारी सहाला येतो’ एवढंच लिहून पेटीत टाकलं.