चहा सोडल्यावर

कंधारची एसटी अजून नांदेडच्या स्टँडातच उभी होती. तोंडाला स्कार्फ बांधून बसलेल्या मनस्विनी मॅडमनी मागच्या सीटवरचे आपल्या दोन विद्यार्थ्यांचे आवाज ओळखले. मेडिकलच्या वर्गात व्यसन हा विषय शिकवण्याआधी त्यांनी सगळ्यांना आवडीची एकेक सवय पंधरा दिवस सोडायला सांगितली होती.

"शहेबाज, चहा सोडल्यापासून डोकं दुखतं का रे?"

"डोक्याचं काही नाही, अंबरीश. टपरीवर कुणी बोलावूनच नाही राहिलं."

"तू पीत नाहीस, मग कशाला बोलवायचं?"

"तेच तर. घरी अम्मी रुसली. खालाकडं, अम्मीच्या बहिणीकडं गेलो, तर तिनं कप हातातच दिला. म्हणली, माझ्या घरी एक घोट घेतल्यानं काय होतंय?"

"घेतलास?"

"घेतला. तिचं तोंड बघवंना."

"मग मॅडमना काय सांगणार?"

"घेतला म्हणून सांगणार. वॉर्डातल्या त्या भोकरच्या पेशंट मामांना मी रोज एकच विचारायलो, किती दारू पिता म्हणून. उद्या विचारतो, दारू सोडल्यावर संध्याकाळी बसायचं कुणापाशी, मामा?"

"हे विचार. मामा लई बोलतील बघ."

"हाव."

"मॅडमनी स्वतः काय सोडलं असेल रे?"

"त्यांना काय सोडायचंय? त्या शिकवतात."

तेवढ्यात चहावाल्यानं खिडकीतून कप पुढं केला.

"घ्या बाई, तुमचा रोजचा."

"आजपासून पंधरा दिवस नको," मनस्विनी मॅडम म्हणाल्या.

मागच्या सीटवरून दोन डोकी एकदम पुढं आली, "मॅडम, तुम्ही?"