पेटीकडे तोंड करून

सुलोचनाबाई : चावी माझ्या पर्समध्ये आहे गुरुजी, आणि ती तिथंच राहणार.

अण्णाजी गुरुजी : राहू द्या न. मी कुठं हिसकून राह्यलो? मी फक्त म्हटलं, पोरायचं जेवण झालं, पाऊस उघडत नाई, मैदानात गुडघाभर पाणी. आता अर्धा तास एका खोलीत चार वर्ग कोंडा लागते. टीव्हीची पेटी उघडली असती तं गप्प बसले असते.

सुलोचनाबाई : त्याचीच तर मला भीती वाटते. गप्प बसतात. पहिली-दुसरीची लेकरं आणि इतकी गप्प! या वेळेला त्यावर काय लागतं, कधी पाहिलंत? कॉलेजच्या मुलांसाठी इंग्रजीतलं व्याख्यान. चष्मेवाला माणूस यंत्राचे भाग दाखवतो आणि आपला नत्थू तोंडातला घास न चावता त्याच्याकडे बघत बसतो.

अण्णाजी गुरुजी : नत्थू माह्या वर्गातही तसाच बसते. टीव्हीले कायले नावं ठेवता?

सुलोचनाबाई : थट्टा नका करू. परवा मी पावसाचं चित्र काढायला सांगितलं. अर्ध्या वर्गानं चौकोन काढला आणि त्यात ठिपके. म्हटलं हे काय? तर म्हणे, बाई, मुंग्या. पाऊस आला की टीव्हीत मुंग्या येतात ना, त्या. बाहेर धो धो कोसळतोय, आणि यांचा पाऊस त्या पेटीत!

अण्णाजी गुरुजी : बाई, दोन मास्तर, चार वर्ग. एक खोली गळते. माह्या गुडघ्यात पाणी झालं आहे. सरकारनं फुकटात पेटी देली, छपरावर छत्रीएवढी अँटेनाची जाळी देली. पाऊस असला का मधल्या सुट्टीत ते लावतो अन् घोटभर चहा पितो. थकलो न मी आता. तुमी नव्या आहा, तुमाले दम आहे.

सुलोचनाबाई : मलाही कुठला दम? वर्ध्याहून जामच्या फाट्यापर्यंत एसटीत उभ्यानं येते, तिथून मिळेल त्या गाडीनं. पण वऱ्हांड्याची ही बाजू तर कोरडी असते. मी इथं खेळ घेतेच आहे की. मांजर-उंदीर. सगळी हात धरून गोल करतात, उंदीर आत, मांजर बाहेर. उंदीर आला की हात वर, मांजर आलं की हात खाली. काय हसतात! तुम्ही कधी येऊन बघा तरी.

अण्णाजी गुरुजी : पाह्यलं मी. खिडकीतून.

सुलोचनाबाई : मग?

अण्णाजी गुरुजी : मंग काही नाई. थांबा, कोण आलं ते... धुरपता होय का? ये, ये. वर ये, भिजून राह्यली.

धुरपता : राहू द्या गुरुजी, पाय चिखलाचे आहेत. इथंच पायरीवर बरी आहो. नमस्कार, बाई.

सुलोचनाबाई : नमस्कार. तुम्ही कांताच्या आई ना? बरं झालं आलात. ती तीन-चार दिवस दिसली नाही. आजारी आहे का?

धुरपता : पोट दुखते म्हंते.

सुलोचनाबाई : डॉक्टरला दाखवलं?

धुरपता : गिरडच्या डॉक्टरले दाखोलं. काहीच नाई म्हंते तो. ऊन पडलं का दुखत नाई. पाऊस आला का दुखते. सकाळी उठून आभाळ पाह्यते पोरगी. काळं दिसलं का पोट धरून बसते.

अण्णाजी गुरुजी : हं.

धुरपता : म्हून आली मी. निंदण बंद आहे आज, वावरात पाय फसते. म्हटलं इचारून यावं. बाई, तुमी पेटीची चावी घेतली म्हंते, खरं आहे का?

सुलोचनाबाई : खरं आहे. आणि मुलांच्या भल्यासाठीच घेतली. हे बघा, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. कांताला टीव्हीचं वेड लागलं असेल तर ते वेळीच...

धुरपता : वेड नाई लागलं. तिले त्यातलं काही समजत नाई. काय पाह्यलं म्हटलं तं म्हंते, एक माणूस होता अन् तो बोलत होता. बस.

सुलोचनाबाई : मग कशाला हवाय टीव्ही? अहो, तो लागला की कुणी कुणाशी बोलत नाही, कुणी कुणाला बघत नाही. सगळी आपली पेटीकडे तोंड करून बसतात.

धुरपता : तेच तं पायजे, बाई.

सुलोचनाबाई : काय?

धुरपता : कोणी कोणाले पाह्यत नाई, तेच पायजे. कोण बाजूले बसलं ते पाह्यत नाई. सदाशिवरावच्या घरी टीव्ही आहे, रविवारी सारे पोरं जातेत. आमच्या वस्तीतले पोरं बाहेरून खिडकीतून पाह्यतेत. पाऊस आला तरी खिडकीतूनच. अन् इथं माही कांता पुढच्या रांगेत बसते. घरी येऊन हेच सांगते. माय, मी समोर बसली होती.

सुलोचनाबाई : पण धुरपताबाई, माझ्या खेळात तर ती सगळ्यात पुढे असते! खेळ म्हटला की आधी तीच हात वर करते. बाई, मी उंदीर, मी उंदीर! दुसऱ्या कुणाला होऊच देत नाही. मी तिला म्हणतेसुद्धा, तुझ्यासारखा चपळ उंदीर सगळ्या शाळेत नाही.

धुरपता : हो, सांगितलं तिनं. बाई मले चपळ म्हंते.

सुलोचनाबाई : मग?

धुरपता : उंदराले कोणाचा हात धरा लागत नाई न, बाई.

(पन्हाळीचं पाणी बादलीत पडत राहतं.)

सुलोचनाबाई : म्हणजे...

धुरपता : साऱ्याच्या आधी म्हणा लागते. दुसरा कोणी आधी उंदीर झाला तं मंग तिले गोलात उभं राहा लागते. एक डाव राह्यली. दोनी बाजूच्या पोरींनी झग्याच्या बाहीत हात वढून घेतला अन् बाहीनं धरलं तिले. घरी आली तं मले इचारते, माय, माहे हात खराब आहेत का?

सुलोचनाबाई : अरे देवा.

धुरपता : तवापासून हात धुऊन धुऊन साबण संपवते. शाळेत निंघाच्या आंधी धुते, पोहचल्यावर बोरिंगवर धुते.

सुलोचनाबाई : मी... मी रोज नखं तपासते ना. रोज सगळ्यांना तिचे हात दाखवते. बघा, कांताचे हात किती स्वच्छ, असे हात पाहिजेत. मला वाटायचं, ती लाजते म्हणून मान खाली घालते. गुरुजी, तुम्हाला हे माहीत होतं?

अण्णाजी गुरुजी : गावात कोणाले माहीत नाई, बाई?

सुलोचनाबाई : मग मला सांगितलं का नाही?

अण्णाजी गुरुजी : काय सांगू? तुमी एवढ्या हौसेनं खेळवून राह्यल्या. मले वाटलं, तुमाले दिसन. मंग वाटलं, नाई दिसलं तं बरंच आहे. एक तरी माणूस असावं ज्याले दिसत नाई.

सुलोचनाबाई : हे काय बोलणं झालं? मी आज त्या दोघींना उभं करते. कोण त्या? सांगा मला. चांगल्या छड्या मारते.

धुरपता : नोका मारू. लहान आहेत त्या. घरी जे पाह्यतेत ते करतेत. अन् तुमी मारलं तं त्यायचे मायबाप इथं येतीन. तुमी जासान बदली होऊन वर्ध्याले. मी त्यायच्याच वावरात निंदते.

सुलोचनाबाई : मग मी काय करू? तुम्हीच सांगा. टीव्ही लावून सगळ्यांना मुकं बसवू? ते बरोबर आहे का?

धुरपता : बरोबर नसन. मले एवढं समजत नाई. खेळानं पोरं शहाणे होतेत म्हंता, होत असतीन. पन माही पोरगी पोट धरून बसली आहे. अन् तिची आजी म्हंते, शाळेत जात नाई तं लहान्याले सांभाळू दे. एक डाव लहान्याले कडेवर घेतलं का मंग ते शाळेत येते का, गुरुजी?

अण्णाजी गुरुजी : नाई येत. एकही आली नाई आजवर.

सुलोचनाबाई : मी स्वतः गोलात उभी राहते. मी धरीन तिचा हात. रोज धरीन. बाईनं धरला की मुली धरतील.

धुरपता : एक हात तुमी धरसान, बाई. दुसरा?

अण्णाजी गुरुजी : दुसरा मी धरतो. गुडघे गेले चुलीत.

धुरपता : नोका गुरुजी. तुमा दोघायच्या मधात उभी राह्यली तं चोर धरल्यावानी दिसन पोरगी.

अण्णाजी गुरुजी : हे बाकी खरं आहे.

सुलोचनाबाई : तुम्ही हसताय?

अण्णाजी गुरुजी : रडून पाह्यलं बाई, नोकरी लागली तवा. तेव्हा मीही तुमच्यावानीच होतो. साऱ्यायले एका पंगतीत बसोलं, एका माठातलं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा रिकामी. मंग घरोघरी फिरून पोरं आणली, अन् माठ कोनाड्यात सरकवला. आता माठ एकच आहे, कोणी काही म्हणत नाई. पन त्याले माही अर्धी नोकरी लागली. हाताचंही होईन. पन कांताच्या पोटाले तेवढा दम नाई.

सुलोचनाबाई : मला फार थकल्यासारखं वाटतंय गुरुजी.

अण्णाजी गुरुजी : बसा. चहा ठेवतो.

धुरपता : बाई, तुमी वाईट नोका वाटून घेऊ. तुमचा तिले लळा आहे. तुमी खेळ बंद नोका करू. ऊन पडलं का मैदानात पळापळीचं खेळवा, त्यात ती आहे. फक्त पावसाच्या सुट्टीत नोका खेळवू. इथं वऱ्हांड्यात जागा कमी आहे. जागा कमी असली का माणसं एकमेकायच्या अंगाकडे पाह्यतेत.

सुलोचनाबाई : घ्या गुरुजी. ही चावी.

अण्णाजी गुरुजी : बरं... पन आता घेऊन काय करू? वर पाहा, हापिसातला बल्ब विझला. लाइन गेली. आता संध्याकाळपर्यंत येत नाई.

सुलोचनाबाई : म्हणजे टीव्ही नाहीच. आता काय सांगायचं मुलांना?

धुरपता : काही नोका सांगू, बाई. पेटी उघडून ठेवा अन् समोर बसवा सारे. लाइन येईन म्हून वाट पाह्यतीन. मी घरी जाऊन कांताले घेऊन येते.