मामांनी बंद न केलेली डिस्क

आमच्या निपाणीच्या मामांचं डोकं कसं चालतं ते ऐका. त्यांच्या पोरीच्या लग्नाला माझ्या आईला जाता आलं नाही, पाय मोडला होता. मामांनी कॅमेऱ्यातलं सगळं लग्न घरच्या रेकॉर्डरमधून एका डीव्हीडी डिस्कवर उतरवलं आणि ती बेळगावात अनगोळला आमच्याकडं धाडून दिली. मी कॉम्प्युटरात घातली, तर डिस्क कोरी!

फोन केला, तर मामा भडकले. "कोरी कशी रं? हितं तर झ्याक चालतीया!"

डिस्क परत पाठवली. निपाणीत चालली. पुन्हा बेळगावात आली, पुन्हा कोरी. आई वैतागली, "माझ्या भाचीचं लग्न झालंय न्हवं नक्की?"

शेवटी मामा स्वतःच आले. रेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन. टीव्हीला जोडला आणि लग्न सुरू झालं. मंगलाष्टकं लागली तशी आईनं पलंगावरूनच टीव्हीवर अक्षता टाकल्या. मामांनी डोळे पुसले.

चहा पिताना मी म्हणालो, "मामा, शेवटी फायनलाइजचं बटण दाबायचं असतंय. त्याशिवाय कॉम्प्युटरला काय दिसत न्हाय."

"ठावं हाय मला. मशीन इचारत हुतं. पर ते दाबलं की डिस्क बंद हुती, फुडं काय घेता येत न्हाय."

"मग घ्यायचं काय राहिलंय?"

मामांनी बशी खाली ठेवली. "अर्धी डिस्क मोकळी हाय. नातवाचं बारसं कशावर घेऊ?"