हौदात हरवलेलं वजन

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, फ्रीगंज भागातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे मी नंबराची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या नणंद-भावजया बोलत होत्या.

"वन्सं, तुम्ही गुडघ्यांच्या व्यायामासाठी खरंच हौदात उतरलात?"

"उतरले ना, वहिनी! सलवार-कुर्ता घालून, छातीभर पाण्यात. व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली, 'आंटीजी, डरो मत, बस चलो.' आणि मी चालले. काठीशिवाय!"

"गुडघे दुखले नाहीत?"

"बिलकुल नाहीत. मी तिला विचारलं, बेटा, माझं ब्याऐंशी किलो वजन गेलं कुठे?"

"मग?"

"म्हणाली, आपण अंगाने जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर लावून पाणी आपल्याला वर उचलतं."

"अगं बाई! म्हणजे विहिरीतल्या बादलीसारखं. पाण्यात आहे तोवर हलकी, बाहेर आली की हात ओढून काढते."

"अगदी तसंच. बाहेर येताना एकेका पायरीवर वजन परत येत गेलं. शेवटच्या पायरीवर मला रडूच आलं."

"दुखलं म्हणून?"

"नाही हो. हे गुडघे इतकी वर्षं एवढं ओझं वाहतायत, आणि मी रोज उठून त्यांनाच शिव्या देतेय."

तेवढ्यात आतून हाक आली, "कुसुमजी, अंदर आइए."

"चला वहिनी, तुमचा नंबर. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायचीय ना?"

"घेऊ हो. आधी विचारते, पोहता न येणारीला हौदात उतरू देतात का."