पाहुणी म्हणून लिवा

विश्वास ठेवायचा तरी कुणावर, सांगा की मॅडम? — न्हाई, तुमीच सांगा, तुमी विमा कंपनीच्या सर्व्हेयर, रोज चार घरं बघता. एजंटावर ठेवावा, तर आमचा उदयसिंह सकाळपासनं फोन उचलत न्हाई. पोरावर ठेवावा, तर दिग्विजय म्हणतो, पप्पा, मॅडम आल्या की तुमी फक्त चहा द्या, बोलू नका. ऱ्हायलो मी — आकाराम पुकळे, बेदाण्याचा व्यापारी — तर ह्या माणसाला मी साठ वर्षं वळखतोय, त्याची हमी मी देणार न्हाई. बसा बसा. आवं, त्या सोफ्यावर न्हाई, त्यो बुलेटचा हाय — कुत्रा वो आमचा — केसं लागतील कपड्याला. हितं बसा. दम लागला व्हय? लिफ्ट हाय की! आमच्या ड्रायव्हरनं, गुंडानं, सांगितलं न्हाई? गाडी चांगली चालवतो, पण तोंड उघडायला त्याला पेट्रोल घालावं लागतं… मुद्दाम जिन्यानं आला? पायऱ्या मोजत? किती भरल्या? — सतरा. बरोबर. आठवीला वळण हाय. तितंच.

तर लिवा. गेल्या मंगळवारी, सकाळी साडेधाच्या सुमाराला, आमच्या घरी आलेली पाहुणी चंद्राबाई गच्चीवरनं खाली येताना पाय घसरून पडली. खुबा मोडला. मिरजेला दवाखान्यात ऑपरेशन झालं, सळी घातली, बिल साडेतीन लाखाच्या वर गेलंय, आणि डॉक्टर म्हणतात सहा महिने तरी पाय टेकायचा न्हाई. फॉर्मात हेच लिवलंय, शब्दाचा फरक न्हाई — पोरानं टाइप केलंय, मी सही केलीय. पाहुणी कोण? बहीण. चुलत — न्हाई, चुलत न्हवं, मामेबहीण लिवा. आडनाव येगळं? आवं मॅडम, लगीन झालेल्या बहिणीचं आडनाव येगळंच असणार की! व्हय, ती वडूजची आणि आमी म्हसवडकडचे, पण मामाचं गाव असतंय कुठंबी. मामाचं नाव? …आता मामाचं नाव कशाला लागतंय खुब्याला?

चहा घ्या. साखर कमी हाय — साखर न्हाईच म्हणा, सुनेनं केलाय. राजनंदिनी पुण्याची, तिला वाटतं साखर म्हंजे इख. चंद्राबाईच्या हातचा चहा प्याला असता तर तुमाला कळलं असतं. अकरा वर्षं प्यालोय मी, आणि भाकरी तर अशी की — म्हंजे, येऊन-जाऊन असती ती. आली की ऱ्हाती चार दिवस. बहीणच हाय, न्हाई म्हणायचं कसं?

काय बघताय तितं? लिफ्टच्या बाजूला? ती भोकं व्हय. कॅलेंडर व्हतं. मोठं कॅलेंडर — आमच्या कोल्ड स्टोरेजचं, आमीच छापतो. चार भोकं… वाऱ्यानं उडू न्हाई म्हणून चारी कोपऱ्याला स्क्रू मारले. हसा, हसा. कॅलेंडरला स्क्रू मारणारा माणूस मलाबी आजवर भेटला न्हवता.

मॅडम, मी माणूस अडाणी. चौथीत मास्तरांनी विचारलं, पुढं काय करणार, मी म्हणालो मेंढरं राखणार, आणि दुसऱ्या दिशी राखायलाच गेलो. बापाच्या मागं मेंढरं घिऊन ह्या नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात यायचो, बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवायची, रात्रीचं खत त्याला, सकाळी ज्वारीची पायली आमाला. मग लोकर इकली, मग द्राक्षाच्या बागेत मजुरी केली, मग कुणाचा तरी बेदाणा कुणाला तरी इकून मधल्या मधी दोन रुपये कमवायला शिकलो — आणि तितंच माजं कालेज झालं. सौद्यात पेटी उघडली की सगळे वरचा थर बघतात. हिरवा, लांब, एकसारखा — वा वा. मी बाह्या वर करून तळापर्यंत हात घालायचो. तळाला काय असतंय ते मला इचारा! पिवळा, काळा, काड्या — एकदा तर चप्पल निघाली, लहान लेकराची, एकच. तवापासनं बाजारात माझं नाव पडलं ‘तळहात्या’. आणि एवढा तळाला हात घालणारा माणूस विम्याचा कागद मात्र वरनं वाचून सही करून मोकळा! उदयसिंह म्हणाला, आण्णा, हितं सही, मी केली. हितं बी सही, मी केली. शेवटी म्हणाला हितं नको, तितं बी मी केली.

पण विमे काढले, लय काढले. पैसा आला की माणसाला भ्या वाटायला लागतंय — मेंढरं व्हती तवा लांडग्याचं एकच भ्या व्हतं. आता बघा — बंगल्याचा विमा. ह्या झुंबराचा विमा, इटलीचं हाय म्हणतात, मला तर मिरजेत केल्यासारखं वाटतंय. मंडळींच्या, धोंडूबाईच्या, बोरमाळेचा, पाटल्यांचा विमा. लिफ्टचा विमा — लिफ्ट धोंडूबाईसाठीच बसवली, तिच्या गुडघ्यांसाठी, ती दोनदा बसली आणि म्हणाली आत जीव घाबरतोय, आता ती रोज देवघरात बसून लिफ्टला हात जोडती. आणि बुलेटचा विमा. व्हय! कुत्र्याचा! तो आजारी पडला तर कंपनी भरती, तो कुणाला चावला तर कंपनी भरती. बुलेट चावत न्हाई, चोर आला तर त्याच्या पायाशी झोपंल. आणि म्हणूनच मग चोरीचा विमा — तो तर कडक काढलाय. घरात कामाला असलेल्या माणसानं चोरी केली तर तेबी त्यात येतंय. पण त्याला यादी लागती, नावगावासकट, फोटोसकट. मी म्हणालो यादी काय, जातकुळी देतो! पाच जणांची केली — वॉचमन तानाजी, गुंडा, झाडलोटीची राणी, माळी, आणि —

…तुमच्याकडं फायल हाय व्हय ती. हाय. बरं. पान उलटू नका — उलटलं. पाचवा फोटो. व्हय. जरीकाठी लुगडं नेसलंय, नथ घातलीय. चंद्राबाई. स्वयंपाकीण. तिच्या पुढं ‘नोकरीस अकरा वर्षे’ असं माझ्याच अक्षरात हाय.

मामेबहीण खोडा मॅडम.

आता तुमी म्हणाल, मग इजेच्या, पडण्या-झडण्याच्या पानावर ‘कामाला माणसं किती’ ह्याच्या पुढं ‘एकबी न्हाई’ असं का लिवलंय? एकाच दिवशी, एकाच पेनानं? सांगतो. उदयसिंह म्हणाला, आण्णा, कामाची माणसं पडली-झडली त्याचा येगळा हप्ता हाय. मी इचारलं केवढा? म्हणाला, पाची जणांचा मिळून बुलेटच्या हप्त्याच्या निम्मा. निम्मा, मॅडम! आणि मी काय बोललो असंन? मी छाती फुगवून बोललो — आरं, ती काय कामाची माणसं हायत व्हय? घरचीच हायत सगळी! आमच्यात तसलं न्हाई, नोकर-बिकर! धोंडूबाईच्या डोळ्यात पाणी आलं ऐकून. उदयसिंहनं मान डोलावली आणि शून्य लिवलं. चोरीच्या पानावर पाच नोकर आणि इजेच्या पानावर सगळं गणगोत. मधी एक पान उलटायची काय ती उसंत.

घ्या, हा बेदाणा घ्या. खावा. आणि गाडीत एक पेटी ठेवायला सांगतो गुंडाला — अगदी आमच्या घरचा माल, खालपर्यंत हात घालून बघा, तळापर्यंत एकच रंग — न्हाई? नको? बरं. नको तर नको. मागं सरकवली वाटी तेवढ्यानं आमाला कळतंय.

मग पडल्यावर काय झालं, मी उदयसिंहला फोन केला. तवा उचलत व्हता. तो म्हणाला, आण्णा, कामाची बाई म्हणून पडली तर हप्ता न्हाई, घरची म्हणून पडली तर घरच्याला मिळत न्हाई, पण पाहुणी म्हणून पडली तर मिळतंय. बाहेरचं माणूस घरात येऊन पडलं तर कंपनी भरती. मी म्हणालो मग पाहुणी करून टाक! साडेतीन लाख मला जड न्हाईत, मॅडम. एका सौद्यात येतात, एका सौद्यात जातात. पण कंपनीकडनं येतायत म्हटल्यावर मला सोडवत न्हाईत. ही माझी खोड. मिरजेला जाऊन तिच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, चंद्राबाई, कंपनीची बाई येईल, इचारंल, तर सांग मी आण्णांची बहीण, चार दिवस आलेली. तर ती काय म्हणाली माहीत हाय? म्हणाली, आण्णा, त्यात काय, पण माजा तर विमा हाय न्हवं? तुमी फोटो काढला न्हवता का विम्यासाठी?

…फोटो. त्या फोटोसाठी तिनं पेटीतलं लुगडं काढलं व्हतं. मी मोबाईल धरला तर म्हणाली थांबा, कुक्कू नीट करते. इचारलं, कशासाठी वो आण्णा? आणि मी — चोर ठरलीस तर वळखायला, असं कसं सांगायचं तोंडावर? — मी म्हणालो, तुजा विमा काढतोय. वडूजला भावाकडं गेली तर गावभर सांगून आली, आमच्या आण्णांनी माजा विमा काढला, कुत्र्याचा काढला तवाच माजाबी काढला. येताना पेढे घेऊन आली. मी दोन खाल्ले, मॅडम. गोड व्हते.

हे लिवू नका — लिवा, लिवा, काय फरक पडतोय. तुमी मिरजेला जाऊन आलाय व्हय आधीच? तरीच. मग मला एवढं बोलू कशाला दिलं? काय म्हणाली ती? वाचा की. वाचून दाखवा, मला चष्मा — हाय खिशात, पण तुमीच वाचा.

…‘मी आण्णांची बहीण. पापडाची पाटी घेऊन उतरत व्हते. आण्णा म्हणत व्हते लिफ्टनं जा, मीच ऐकलं न्हाई. चूक माजी.’

असं म्हणाली? अंगठा हाय खाली? …हे मी शिकवलं न्हवतं, मॅडम. बहीण म्हण, एवढंच सांगितलं व्हतं. लिफ्टचं तिनं तिच्या मनानं घातलं. माझ्यासाठी.

थांबा. एक मिनिट. बुलेट, उठ — उठ रं सोफ्यावरनं. ही उशी सरकवा जरा. ही बघा. पितळेची पाटी, खोदकामाची, सांगलीत करून घेतली, आठशे रुपये. चारी कोपऱ्याला भोकं. वाचा — ‘कामगारांनी लिफ्ट वापरू नये. हुकमावरून.’ हुकूम कुणाचा? माझाच. मंगळवारी ती पडली, ॲम्ब्युलन्स मिरजेकडं गेली, आणि मी पैलं काम काय केलं? दवाखान्यात गेलो? न्हाई. पेचकस घेतला आणि स्क्रू काढले. गुंडानं बघितलं. तो बोलत न्हाई म्हणून मघाशी मी त्याला नावं ठेवली.

का लावली? आमचे व्याही आले व्हते पुण्याचे, दिग्विजयचे सासरे. मी त्यांना लिफ्ट दाखवायला उभा, बटण दाबलं, दार उघडलं आणि आतनं चंद्राबाई, काखेत केराची बादली. म्हणाली, या पाव्हणं, जागा हाय. व्याही हसले. तेवढं हसणं मला लागलं आणि दुसऱ्या दिशी पाटी. आमी मेंढरं घिऊन यायचो तवा तो बागायतदार आमाला वसरीची पायरी चढू देत न्हवता, मॅडम. बापानं पायरीखाली बसून भाकरी खाल्ली. मी तवाच ठरवलं, मोठं घर बांधायचं. बांधलं. आणि पायरी तीच ठेवली — नुसती ग्रॅनाईटची केली. सकाळी राणीनं पुसलेली, ओली. वरनं ती, दोन्ही हातात पापडाची पाटी.

दिग्विजय आता खाली गाडी लावत असंल, वर येईल, म्हणंल पप्पा काय बोललात? तो यायच्या आत लिवा. पाहुणी खोडा. कामाची बाई लिवा, अकरा वर्षं, हप्ता भरला न्हाई, मालकानं भरला न्हाई. तिचं ते ‘चूक माजी’ — त्याच्याखाली ही पाटी डकवा, फोटो काढून घ्या, नीट, उजेडात धरतो. क्लेम नामंजूर करा. दवाखान्याचं मी बघतो, सहा महिन्यांचा पगार मी बघतो, त्याला तुमची कंपनी नको. आणि त्या लुगड्यातल्या फोटोचं तिला सांगायचं ते मी सांगणार. आजच जाणार. कसं सांगणार, ते इचारू नका.

उठा आता. चहा ऱ्हाऊ द्या, गार झाला. गुंडा सोडंल तुमाला स्टँडवर… लिफ्टनं? जा की, पाटी आता माझ्या हातात हाय. न्हाई? जिन्यानंच? मग कठडा धरा, आठव्या पायरीला वळण हाय. आणि मॅडम — हिशोब खरा ठेवा. माझी चूक माझ्या नावावर, आणि तिच्या नावावर काईच न्हाई.